थँक्सगिव्हिंगच्या सकाळी तुंबलेलं सिंक

आर्डिसबाईंनी चाळीस वर्षं मिनेसोटातल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात रोज तीनशे पोरांना जेवू घातलं. अशा बाईच्या स्वतःच्या सिंकने नेमकं थँक्सगिव्हिंगच्या सकाळी, अकरा माणसं जेवायला येणार असताना, रुसून बसावं म्हणजे काय! बटण दाबलं की सिंकखालचं कचरा दळायचं यंत्र नुसतं घूंऽऽ करी आणि गप्प होई. वर दहा पौंड बटाट्यांच्या साली गढूळ पाण्यात तरंगत होत्या. साली सिंकमध्ये ढकलायच्या नाहीत, हे त्यांनी शाळेतल्या प्रत्येक मदतनीस बाईला ओरडून सांगितलं होतं. सणाच्या घाईत स्वतः मात्र तेच करून बसल्या.

प्लंबरला फोन करायची सोय नव्हती. ऑगस्टमध्ये पाणी तापवायची टाकी फुटली, तेव्हा मुलगा लायल नव्वद मैल गाडी हाणत आला होता आणि त्याने आईकडून शब्द घेतला होता. "मॉम, यापुढे घरातली एक जरी गोष्ट तुला निस्तरता आली नाही, तर घर विकायचं आणि रॉचेस्टरला आमच्याजवळ फ्लॅटमध्ये यायचं." आर्डिसबाई "बरं" म्हणाल्या. त्या मुलखात 'बरं' म्हटलं की विषय संपतो, मागाहून फिरवता येत नाही. पण घर सोडायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. नवरा वर्लिन जाऊन सहा वर्षं झाली होती. या घरात त्यांना एकटं वाटत नसे, फ्लॅटमध्ये नक्की वाटलं असतं.

त्यांनी आधी यंत्राचा प्लग काढला. मग मगने पाणी आणि साली उपसल्या. गॅरेजमधून सहा कोनांची किल्ली आणली आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे गुडघे कुरकुरत असतानाही सिंकखालच्या कपाटात उताण्या शिरल्या. यंत्राच्या बुडाला मधोमध एक भोक असतं, त्यात किल्ली घालून पुढे-मागे फिरवायची. फिरेना.

"फीर रे मेल्या!" आर्डिसबाई करवादल्या.

तेवढ्यात सून रोंडा हातात लाल जेलीचं भांडं घेऊन मागच्या दाराने आत आली. तिला दिसले फक्त दोन पाय.

"अगंबाई! आर्डिस, पडलात की काय? मी ॲम्ब्युलन्स बोलावते!"

"ॲम्ब्युलन्स कशाला? टॉर्च आण. आणि लायल कुठाय?"

"गाडी लावतोय."

"मग त्याला तिकडेच अडकव. सामान उतरवायला सांग, काहीही कर."

रोंडा दारातूनच नवऱ्यावर ओरडली, "अंगणातला बर्फ काढ आधी, कुणीतरी घसरून पडेल!" आणि टॉर्च घेऊन परत आली. आर्डिसबाईंनी दात-ओठ खाऊन जोर लावला, तशी किल्ली कट्‌कन सुटून फिरली. मग त्यांनी वरून टॉर्च मारला आणि चिमट्याने ओढून काढला तारेचा एक आकडा. दुकानातून आणलेल्या टर्की पक्ष्याच्या तंगड्या ज्याने अडकवलेल्या असतात, तोच! सकाळी टर्की सिंकमध्ये धुताना आत पडला होता आणि वरून सालींनी झाकला गेला होता. प्लग लावला, गार पाणी सोडलं, अडकलेलं यंत्र पुन्हा चालू करायचं बुडाचं लाल बटण दाबलं आणि मग वरचं नेहमीचं. यंत्र घरघरत सुरू झालं. आर्डिसबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी जन्मात पहिल्यांदा सुनेला मिठी मारली.

"तुम्हाला हे येतं?" रोंडा बघतच राहिली.

"त्यात काय येण्यासारखं आहे?"

दुपारी ताटं वाढल्यावर, रिवाजाप्रमाणे, आपण कशाबद्दल आभारी आहोत हे एकेकाने सांगायचं होतं. कुणी तब्येतीचं सांगितलं, कुणी नव्या बाळाचं. रोंडाची पाळी आली.

"मी सासूबाईंची आभारी आहे," ती म्हणाली. "आज यांचं सिंक तुंबलं होतं. कपाटात शिरून यांनी वीस मिनिटांत दुरुस्त केलं. आमचं मे महिन्यापासून तुंबलंय. लायलने त्यावर ताट पालथं घालून ठेवलंय."

टेबलाभोवतीचे सगळे लायलकडे बघायला लागले. तो कानापर्यंत लाल झाला.

"मग लायल," कुस्करलेले बटाटे वाढत आर्डिसबाई गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही घर कधी विकताय?"

सगळं टेबल खो खो हसलं. लायलही हसला, पण जरा उशिरा. मग काटा खाली ठेवून तो हळूच म्हणाला, "मॉम, मला शिकवशील का ते?"

"आधी जेव," आर्डिसबाई म्हणाल्या. "मग त्या कपाटात उताणा शीर. सांगते."