कुपनामागची चौकट

दातवाल्यांना त्यांच्या नावानं कुणी हाक मारत नसे. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून ते कवळ्या करत, म्हणून ते दातवाले. गुलाबी मेणात एक दात रोवायचा, जवळून बघायचा, लांबून बघायचा, उपटायचा, किंचित तिरका करून परत रोवायचा. "अगदी सरळ दात खोटे वाटतात," असं ते सांगत. निम्म्या शहराचं हसू आपल्या हातून घडलंय हेही ते सांगत, पण फक्त बायकोला. तिला ते तोंडपाठ झालं होतं.

एरवी मोजूनमापून वागणारा हा सत्तावन्न वर्षांचा माणूस महिन्याच्या पहिल्या शनिवारी मात्र पार कामातून जायचा. त्या दिवशी 'परग्रह' यायचा.

'परग्रह' म्हणजे विज्ञानकथांचं चित्रमासिक. आधी ते साप्ताहिक होतं, मग पाक्षिक झालं, मग मासिक, आणि आता इतकं सडपातळ झालं होतं की वारा आला तर धरून ठेवावं लागे. दातवाले ते पंधराव्या वर्षापासून वाचत होते, आणि नेहमी शेवटच्या पानापासून. शेवटच्या पानावर 'आगामी' नावाचा कोपरा असे. तिथं पुढच्या कथांची नावं आणि एखादं अर्धवट चित्र यायचं. तेवढ्यावरून अख्खी कथा ओळखायची, ती चिठ्ठीवर लिहून कंपासपेटीसारख्या एका डब्यात ठेवायची, आणि अंक आला की ताडून बघायची, असा त्यांचा बेचाळीस वर्षांचा नेम. आजवर एकही अंदाज बरोबर आलेला नव्हता.

"अहो, एवढं चुकायलासुद्धा अभ्यास लागतो," बायको म्हणायची.

दातवाले एकटे नव्हते. पेपरच्या स्टॉलजवळच्या बाकावर पहिल्या शनिवारी आणखी दोघं येत. एक निवृत्त बस कंडक्टर. त्यांना अजूनही कुणी बाकावर बसलं की "पुढे सरका" म्हणायची सवय होती. दुसऱ्या भूगोलाच्या बाई. त्यांनी शाळेत तीस वर्षं पृथ्वी शिकवली, पण जीव सगळा इतर ग्रहांवर. तिघांचं एकमेकांवाचून पानही हलत नसे, आणि तिघांचं एकदाही एकमत झालेलं नव्हतं.

त्या शनिवारी 'आगामी'मध्ये जे छापून आलं ते वाचून कंडक्टर बाकावरून उठून उभेच राहिले. 'सातव्या कक्षेतला दरवाजा' ही जुनी मालिका पुस्तकरूपानं पुन्हा निघणार होती! तिघांनीही ती शाळकरी वयात वाचलेली. एक कप्तानबाई असते, तिला अवकाशात नुसताच एक दरवाजा तरंगताना दिसतो, मागं पुढं भिंत नाही, काही नाही. अठरा आठवडे ती त्या दरवाज्याकडे जात राहते.

"मी म्हणत होतो," दातवाले म्हणाले.

"तुम्ही बर्फातल्या माणसांची मालिका निघणार म्हणत होता," बाईंनी आठवण करून दिली.

खाली बारीक अक्षरात संपादिकेची विनंती होती. कार्यालयात नळ फुटून जुन्या अंकांची फाइल भिजून गेली होती. मूळ चित्रंही हाती नव्हती. ज्यांच्याकडे ते अठरा अंक असतील त्यांनी ते उसने द्यावेत.

दातवाल्यांनी लगेच कपाटावरची पेटी उतरवली. एकेक अंक जुन्या चादरीत गुंडाळलेला. बायको म्हणाली, "माझ्या लग्नातल्या साडीला इतकं जपलं नाही कुणी." अंक घेऊन ते स्वतः बसनं संपादिकेकडे गेले.

संपादिका म्हणजे 'परग्रह' सुरू करणाऱ्यांची लेक. दोन खोल्यांचं कार्यालय, कोपऱ्यात कागदांचे ढीग. तिनं अठरावा अंक उघडला, सतरावं पान काढलं आणि कपाळावर हात मारला.

"काका, तुमच्याही अंकात भोक!"

पानात चौकोनी भोक होतं. कात्रीनं अगदी व्यवस्थित कापलेलं. सतराव्या पानावर कप्तानबाई दरवाज्यापाशी पोचते, ती चौकटच गायब. आणि त्या चौकटीच्या पाठीमागं, अठराव्या पानावर, वाचक मंडळाचं सभासद होण्याचं कुपन छापलेलं होतं.

"आतापर्यंत अकरा जणांनी हा अंक पाठवला," ती म्हणाली. "अकराच्या अकरांनी कुपन कापलंय. ज्यांचं प्रेम नव्हतं त्यांनी अंक रद्दीत घातला, आणि ज्यांचं होतं त्यांनी त्याला भोक पाडलं."

दातवाले ओशाळले. पण लगेच सावरून म्हणाले, "काळजी नको. ती चौकट माझ्या डोळ्यांसमोर आहे. कप्तानबाई मागं वळून बघते. डोळ्यांत पाणी. एकच थेंब, डाव्या गालावर."

संपादिकेला हायसं वाटलं. नव्या चित्रकाराकडून चौकट काढून घेता येईल. तरी खात्रीसाठी तिनं पुढच्या अंकात वाचकांना विचारलं, तुम्हाला काय आठवतं? त्रेचाळीस पत्रं आली. त्रेचाळीस तऱ्हेच्या कप्तानबाया निघाल्या.

बाकावर तर रणधुमाळी माजली. "हातात पिस्तूल होतं," कंडक्टर म्हणाले. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही. बिनतिकिटाचा माणूस मी पाठीवरून ओळखायचो."

"पिस्तूल कुठलं? तिच्या हातात ताऱ्यांचा नकाशा होता," बाई म्हणाल्या.

"अश्रू होता!" दातवाले म्हणाले.

"तुम्हाला सगळ्यांच्याच डोळ्यांत अश्रू दिसतात. लोकांच्या तोंडात हात घालता ना रोज," कंडक्टर म्हणाले.

"मी कुणाच्या तोंडात हात घालत नाही. ते डॉक्टर घालतात. मी कवळ्या करतो!"

हे शेवटचं वाक्य दातवाले जरा मोठ्यानं बोलले. रस्त्यावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. त्यानंतर दोन आठवडे तिघांनीही एकमेकांशी बोलणं सोडलं. कंडक्टर तर दातवाले दिसले की पलीकडच्या फुटपाथवरून जायचे आणि तिथून त्यांना ऐकू जाईल असं खाकरायचे.

रविवारी दुपारी दातवाले घरी तोंड पाडून बसले होते. बायको टेबलावर शेंगा सोलत होती. तिनं आयुष्यात 'परग्रह' उघडला नव्हता. एकाच घरात दोघं अवकाशात गेले तर गॅस कोण बंद करणार, असं तिचं म्हणणं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते कुपन कापलंत, त्याचं पुढं काय केलंत?"

"काय करणार? नाव पत्ता लिहून पोस्टानं पाठवलं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? 'परग्रह'च्या कार्यालयाला..." असं म्हणता म्हणता दातवाल्यांचा आवाज बारीक होत गेला.

"मग चौकट त्यांच्याकडेच आहे की," बायको म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

सोमवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आत दातवाले दारात हजर. बरोबर बायको, कारण तिला आता बघायचंच होतं. शिवाय कंडक्टर आणि बाई. दोघांना दातवाल्यांनी स्वतः जाऊन बोलावलं होतं. भांडणाचा निकाल लागताना समोरचा पक्ष हवाच.

संपादिकेनं ढीग उपसले. तिच्या वडिलांच्या काळात एक कारकून होते, त्यांनी म्हणे कधी टाचणीसुद्धा फेकली नव्हती. तासाभरानं सभासदांची वही सापडली. नळाच्या पाण्यातून ती वाचली होती, कारण पलीकडच्या कोरड्या खोलीत कुणीतरी तिच्यावर टेबलाचा डुगडुगणारा पाय टेकवला होता.

वही उघडली. कारकुनांनी प्रत्येक कुपन डिंकानं घट्ट चिकटवलं होतं. चौकट खाली, डिंकात.

"हे सोडवायचं कसं?" संपादिका हताश होऊन म्हणाली.

दातवाल्यांनी खिशातून कापडाची सुरळी काढून टेबलावर उलगडली. मेण कोरायच्या पातळ सुऱ्या, ब्रश, चिमटा. "किटलीत पाणी उकळायला ठेवा," ते म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला होता.

पहिला प्रयोग त्यांनी एकशे सात नंबरच्या कुपनावर केला. वाफ दिली, सुरी सरकवली, आणि कागद मधोमध टरकला.

"अहो, ते माझं होतं!" कंडक्टर ओरडले.

"असं होय? मी नंबर बघितला नाही," दातवाले म्हणाले. नंबर त्यांनी बघितला होता, हे बायकोला त्यांच्या लाल झालेल्या कानांवरून कळलं.

नंतर मात्र ते खरंच रंगले. वाफ कमी, सुरी आडवी, श्वास रोखलेला. एकशे बारा नंबरचं कुपन हळूहळू सुटत आलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. दुसऱ्या कुणाचं फाडायची आता हिंमत नव्हती. संपादिका वरून कुपन वाचायला लागली. नाव, पत्ता, वय पंधरा. 'मोठेपणी काय होणार?' या रकान्यात पोरवयाच्या ताठ अक्षरात लिहिलं होतं: 'पुढच्या अंकात कळवतो.'

बायको इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. "बेचाळीस वर्षं झाली, कळवा आता!"

दातवाल्यांनी मान वर केली नाही. चिमट्यानं कुपन उचललं, उलटं केलं, ब्रशनं डिंक पुसला. चार डोकी एकदम खाली वाकली.

कप्तानबाई दरवाज्यासमोर खाली बसली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. हातात पिस्तूल नव्हतं, नकाशाही नव्हता. ती बुटाची नाडी बांधत होती. वर फुग्यात लिहिलं होतं: 'एक मिनिट थांबा.'



"शहाणी आहे," बायको म्हणाली. "सुटलेल्या नाडीनं दुसऱ्या जगात गेली असती तर तिथं पोचता पोचताच तोंडावर आपटली असती."

कंडक्टर म्हणाले की पिस्तूल बहुतेक बुटात असणार. बाईंनी भिंग मागितलं. दातवाले मात्र त्या चित्राकडे बघत राहिले. अठरा आठवडे वाट बघायला लावून चित्रकारानं शेवटी नाडी काढली होती, आणि त्यांनी तिच्या जागी स्वतःच एक अश्रू काढून तो इतकी वर्षं सांभाळला होता. त्यांना थोडं वाईट वाटलं, आणि थोड्या वेळानं ही बाई जास्त आवडायला लागली.

पुस्तक तीन महिन्यांनी निघालं. आभारात दातवाल्यांचं नाव होतं आणि त्यांच्या बायकोचंही. त्यात तिचं नाव वर. लगेच तक्रारींची पत्रं सुरू झाली. सतराव्या पानावरची चौकट बनावट आहे, मूळ चौकट आम्हाला स्पष्ट आठवते, असं वाचक ठासून लिहीत होते. त्यांना उत्तर द्यायचं काम संपादिकेनं दातवाल्यांवर सोपवलं, आणि उत्तराच्या चार ओळी लिहिण्यापायी त्यांची एक कवळी आठवडाभर लांबली.

ती कवळी एका निवृत्त न्यायाधीशांची होती. ते बोळक्या तोंडानं रागावून खोलीत आले. दातवाले कवळीवर शेवटचा हात फिरवायला आत गेले तेवढ्यात त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं. दातवाले कवळी घेऊन आले तेव्हा ते स्टुलावर बसून बारावा आठवडा वाचत होते.

"बघा, बसते का," दातवाले म्हणाले.

"दातांचं राहू द्या हो," न्यायाधीश म्हणाले. "ही बाई त्या दरवाज्यातून जाते की नाही?"

"ते मी सांगणार नाही," दातवाले म्हणाले, आणि न्यायाधीशांच्या मागचा दिवा लावून दिला.