नाकापर्यंतची दोरी

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो कुंडलच्या लालासाहेबांच्या घरात जन्मभर होता. आख्ख्या गावाचे फोटो या माणसानं काढले. सुट्टी संपवून पलटणीत निघालेला जवान आधी त्यांच्या स्टुडिओत यायचा, बायकोशेजारी ताठ उभा राहायचा आणि फोटो खिशात घालूनच गाडी धरायचा. पुढं फोन आले, स्टुडिओ बंद पडला, जुना कॅमेराही गंजून गेला. आणि लालासाहेबांच्या स्वतःच्या बायकोचा, बनुबाईंचा, धड असा एक फोटो नव्हता. आता काय म्हणावं!

हे ध्यानात आलं रंगुबाईच्या तेराव्याला. रंगुबाई म्हणजे बनुबाईंची थोरली बहीण. ती गेली तेव्हा फोटोच सापडेना. शेवटी पोरांनी आधार कार्डावरचा मोठा करून त्याला हार घातला. सदा खिदळणारी बाई, पण भिंतीवर चोरी पकडल्यासारखी बघत होती. परतताना बनुबाई एवढंच बोलल्या, "माझा असला लावू नगा." लालासाहेबांनी तिथंच ठरवलं, हिचा चांगला फोटो काढायचा.

नोकरीला पुण्याला जाताना त्यांची नात अंकिता तिचा लेन्स बदलता येणारा साधा डिजिटल कॅमेरा घरी ठेवून गेली होती. त्यानं फोटो काढला, तर बनुबाईंइतकीच मागची पाण्याची टाकीही लख्ख आली. "माझ्यापरीस टाकीच बरी दिसतीया," बनुबाई म्हणाल्या. लालासाहेबांना हवा होता जुना मऊपणा: चेहरा पुढं, मागचं सगळं विरघळलेलं. त्यांच्या रोलच्या कॅमेऱ्याला एकच लेन्स होती, पन्नास एमएमची, झूम न होणारी. तसलीच पाहिजे.

गेले सांगलीला. पायगोंडा त्यांना रोल विकायचा. आता त्याचा नातू आर्जव दुकान बघतो. त्यानं पन्नासच्या दोन लेन्स पुढं ठेवल्या. "आबा, तुमच्या कॅमेऱ्याच्या पोटात मोटर नाही. ही जुन्या धाटणीची लेन्स बसेल, पण फोकस हातानं करावा लागेल. ही नवी घ्या. मोटर हिच्यातच आहे, फोकस आपोआप होईल."

लालासाहेबांनी नवी उलटीपालटी करून पाहिली. उजेड कमीजास्त करायची रिंगच नाही! जुनीला ती होती, अंतराचे आकडे होते, आणि बोटं आपसूक तिथं जाऊन बसली. "रिंग नसलेली लेन्स म्हंजे कासरा नसलेला बैल. हातानंच तर जन्म काढला की रं!" आर्जवनं परत समजावलं, नाही जमलं तर बदलून देतो म्हणाला. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय होय? जुनीच घेऊन आले.

आणि घरी येऊन तोंडघशी पडले. बनुबाई ठेवणीतलं इरकल नेसून परसात बसल्या. लालासाहेब रिंग फिरवतायत, डोळे बारीक करतायत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यावर पडदा धरलेला. कधी कान स्पष्ट, कधी पदर. चेहरा मात्र धुक्यात.

शेवटी कॅमेरा मांडीवर ठेवून ते पायरीवर बसले. "न्हाई जमत, बनू. तुझं तोंडच मला नीट दिसंना." त्यांनी लेन्सवर झाकण लावलं. "उद्या जाऊन बदलून आणतो."

बनुबाई उठल्या, आत गेल्या आणि ट्रंकेतनं गाठी मारलेली एक मळकी दोरी घेऊन आल्या. पूर्वी लग्नघरात वीज गेली की फ्लॅश असला तरी फोकस धरायला कॅमेऱ्यातून काही दिसायचं नाही, आणि रोल वाया घालवून चालायचं नाही. मग ही दोरी निघायची. एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसरं बनुबाईंच्या हातात. ते नवरीच्या नाकाला टेकवायचं, "हलू नगंस गं बाई" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. गाठींवरून किती फूट ते कळायचं, तेवढा आकडा रिंगवर लावला की चेहरा लख्ख. आख्ख्या गावाच्या नाकाला दोरी लावली या बाईनं, आणि दर वेळी स्वतः फोटोतून बाजूला झाली.

"डोळ्यानं कवा काढत हुता तुमी?" बनुबाई म्हणाल्या. "बांधा."

त्यांनी बांधली. बनुबाईंनी टोक स्वतःच्या नाकाला टेकवलं, गाठी मोजून आकडा सांगितला आणि हात जुन्या सवयीनं गुडघ्यावर टेकून बाजूला व्हायला उठू लागल्या.

"अगं, निगालीस कुटं? तुजाच फोटो हाय!"

बनुबाई मटकन खाली बसल्या, दोरी पुन्हा नाकाला लावली, आणि त्यांना असं हसू फुटलं की बास. लालासाहेबांनी तेवढ्यात बटण दाबलं. मग पदर सारखा करून, गंभीर तोंडानं, दोरी सोडून दुसराही काढला.

"बग बरं, तोंड दिसतंय का?" त्यांनी कॅमेरा बनुबाईंच्या हातात दिला.

बनुबाई पहिल्या फोटोकडं कितीतरी वेळ बघत राहिल्या. "व्हय. रंगुवानी हसाय लागलीया मी." मग म्हणाल्या, "दुसरा हाय न्हवं, तो हार घालायला ठिवा. ह्यो आत्ताच लावा. मी बगती की तवर."

लालासाहेब डोळे पुसत खिळा शोधायला उठले.