येन पन्नासवर आला की

जपानच्या चलनाचा रोजचा भाव तोंडपाठ असलेला माणूस अख्ख्या बदनापुरात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या शेजारी राहतो. आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. दोघंही रिटायर झालो तेव्हा वाटलं होतं, आता सकाळचा चहा तरी निवांत होईल. पण त्यांची एकुलती एक लेक इंजिनिअर होऊन जपानला गेली आणि त्या आठवड्यापासून माझ्या पहिल्या घोटाबरोबर कुंपणापलीकडून आरोळी येते, "जयभीम सर! अठ्ठावन्न पॉइंट तीन!" शंभर येनला किती रुपये मोजावे लागतील, त्याचा हा आकडा. सुरुवातीला मी "अरे वा" म्हणायचो. पुढे नुसतं "बरं" म्हणू लागलो. त्यानंतर तर कप उंचावून दाखवायचो. खरं सांगतो, थकलो होतो मी. शनिवार-रविवार बाजार बंद असतो म्हणून आकडा नसतो, तर त्या दिवशी ते इतिहास सांगतात.

इतिहास म्हणजे त्यांच्या आजोबांचा. इथे निजामाचं राज्य होतं तेव्हा इकडे हाली शिक्का चालायचा आणि शेजारच्या वऱ्हाडात इंग्रजांचा कळदार रुपया. आजोबा वऱ्हाडात कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचे, मजुरी कळदारात घ्यायचे आणि गावी आले की बदलून हालीत करायचे. "सहाचे सात व्हायचे सर, बसल्या जागी!" हे वाक्य मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल. चलनाचा भाव ओळखणं आपल्या रक्तातच आहे, असा या भूगोलाच्या सरांचा पक्का समज आहे. भाजीवाली मेथीची जुडी वीस रुपयांना देते, तर हे पिशवी उघडता उघडता "म्हणजे चौतीस येन" म्हणतात. ती बिचारी सुट्टे शोधत राहते. एकदा कटिंगच्या दुकानात त्यांनी दाढीचा दर येनमध्ये सांगून जपानात तो किती पट आहे यावर असं व्याख्यान दिलं, की न्हाव्याने माझी अर्धी दाढी तशीच ठेवून ते ऐकलं. त्यांच्या घरात वेगळंच चालतं. "येनचं काय करून राह्यले हो? दळण पडलं तिकडं दोन दिवसांपासून," असा वहिनींचा आवाज आला की भूगोलाचे सर निमूट डबा उचलतात.

या सगळ्या खटाटोपामागे एक कारण होतं. सरांना जपानला जायचं होतं, पण स्वतःच्या खर्चाने. आयुष्यभर त्यांनी मुहूर्त मानला नाही, आडवं गेलेलं मांजर मानलं नाही, वर्गात पोरांच्या मनगटावरचे गंडे सोडायला लावले. पण लेकीच्या घरी तिच्या हातावर काही ठेवल्याशिवाय ताटावर बसायचं नाही, ही एक जुनी गोष्ट त्यांच्या वडिलांनी पाळली आणि त्यांनीही धरून ठेवली. मी चिडवलं, तर म्हणाले, "ती अंधश्रद्धा न्हाई सर, शिस्त हाये." तिकडे महिनाभर राहायचं तर रोज काही ठेवायचं, आणि तेही तिथे चालणाऱ्या नोटांत. पेन्शनमधून किती जमतील याचा हिशेब त्यांनी मांडला आणि ठरवलं, शंभर येन पन्नास रुपयांवर आले की निघायचं. पुढे नात झाली. वहिनी म्हणाल्या, "आता तर नियम सुटला. नातवंड झाल्यावर जेवतेत की लोक." सर म्हणाले, "नियम सुटला, सवय न्हाई सुटत." मधे येन चढत चढत सत्तरला जाऊन टेकला. त्या दिवसांत सरांचं तोंड बघवत नव्हतं. नात फोनवरच पालथी पडली आणि फोनवरच चालायला लागली.

मग येन उतरायला लागला. सर सकाळी ओरडायचे तो आवाजही दिवसेंदिवस चढू लागला. साठ, सत्तावन्न, चोपन्न. बावन्नला आला त्या दिवशी ते पेढ्यांचा पुडा घेऊन थेट माझ्या ओट्यावर आले, मागोमाग वहिनी. "बावन्न म्हणजे पन्नासच धरा!" मी पहिला पेढा तोंडात टाकला आणि लेकीचा फोन आला. सरांनी नेहमीप्रमाणे स्पीकर लावला.

"पप्पा, यंदाबी यायला न्हाई जमणार," ती म्हणाली. "पगार येनमधी भेटतो, संभाजीनगरच्या फ्लॅटचा हप्ता रुपयात जातो. येन इतका पडला, की हप्त्यालाच निम्मा पगार जाऊन राह्यला. तिघांच्या तिकिटाचं नावच काढू नका. कधी वाढतो याचीच वाट बघून राह्यलो आम्ही."

सरांनी पेढ्यांचा पुडा बाजूला सरकवला. तिनेच दोनदा "हॅलो, हॅलो" केलं. मग ते म्हणाले, "वाढंल बेटा. बराबर वाढंल," आणि फोन ठेवला. इतकी वर्षं जो आकडा खाली यावा म्हणून हा माणूस झुरत होता, तोच वर जावा म्हणून तिकडे त्याची लेक झुरत होती, आणि दोघांनी एकमेकांना हे कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "सर, ती येऊ शकत नाही तर तुम्ही जा. आता तर तुमच्या मनासारखा भाव आहे."

"तिला तिकडं पुरंना," सर म्हणाले, "अन् मी तिच्याच पडत्या भावात स्वस्तात जेवून येऊ? बिलकुल न्हाई."

वहिनींनी पुड्याचा दोरा गुंडाळला आणि घरी गेल्या.

आताही सकाळी आरोळी येते. येन दहा पैशांनी वाढला तरी सर खूश असतात, आणि त्यांचं स्वतःचं जाणं तेवढंच लांबतं. आकडा सांगताना श्वास लागतो त्यांना, कुंपणाला धरून उभे राहतात. मी आता कप खाली ठेवून ऐकतो. नात तीन वर्षांची झाली आहे. भाव काय वाट्टेल तो असो, या माणसाने एकदा तिला मांडीवर घ्यावं, एवढंच मला वाटतं.