एका झाडात दोन रोग

त्या अहवालावर माझी सही आहे. आठवलं की अजूनही माझी कानशिलं तापतात.

मी यवतमाळच्या एका कृषी महाविद्यालयात वनस्पतींचे रोग शिकवते. पांढरकवड्याजवळच्या एका गावातून मिरची गेल्याची तक्रार आली, तेव्हा पाहणीला आम्ही तिघं गेलो: कृषी खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी, बियाणं कंपनीचा माणूस आणि मी. शेत पन्नाशीच्या एका बाईचं. बियाण्याच्या पाकिटावर ठळक छापलेलं, हे वाण बोकड्याला दाद देत नाही. बोकड्या म्हणजे पानं आकसून टाकणारा विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. आणि इथे सगळं शेत आकसलेलं.

बाईनं आम्हाला टोमॅटोच्या वाफ्याला लागून असलेल्या ओळीत नेलं. "इथून सुरू झालं, साहेब. हे झाडं पहिले पिवळे पडले, मंग आकसले. तिकडचे पिवळे झालेच नाई, एकदम आकसले. मले तं इथं एका झाडात दोन रोग दिसून राह्यले."

साहेब हसले. "मावशी, आता मॅडमला तुम्हीच शिकवा! फवारणी वेळेवर केली नाही, दुसरं काय?"

"केली नं! औषधाचे डबे पाहा घरी."

डबे बघायला कोणी गेलं नाही. मीही नाही. तिच्या बोलण्यात तथ्य आहे, हे मला तिथेच जाणवलं होतं. पण ऊन होतं, घरी जायची घाई होती. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी सही केली. कारण: व्यवस्थापनातील त्रुटी. म्हणजे दोष बाईचाच.

वाफ्यालगतच्या आणि दूरच्या, दोन्ही ओळींची पानं मात्र मी पिशवीत घातली होती. तपासणीचा निकाल आला आणि मी खुर्चीतून उठलेच. वाफ्यालगतच्या झाडांत टोमॅटोचा विषाणू होता, मिरचीचाही होता आणि तिसराही एक होता, या दोघांचे तुकडे जुळून झालेला. एकाच पेशीत दोन विषाणूंच्या नकला निघताना असे तुकडे अदलाबदल होतात. अशा बहुतेक जोडण्या लुळ्या निघतात, टिकत नाहीत. ही टिकली होती. दूरच्या ओळींत फक्त तीच होती, आणि त्या वाणाची ताकद तिच्यापुढे चालत नव्हती. बाईनं नुसत्या डोळ्यांनी हेच पाहिलं होतं.

मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, फाईल बंद झाली. आणि सही तर तुमचीच आहे."

मी भांडले. आवाज चढवला. लेखी हरकत दिली, पोच घेतली. उत्तर आजवर आलेलं नाही.

मग गावात गेले आणि बाईला सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि एकदम उसळली. "मंग तवा काहून नाई बोलल्या? ते साहेब हासत होते, तुमी बी चूप होत्या. गावात मले आळशी म्हणून राह्यले लोक!"

तिनं मला चहाही विचारला नाही, बरंच केलं. मी पारावर गेले आणि जमलेल्या लोकांना मोठ्यानं सांगितलं की चूक त्या बाईची नाही, आमची आहे. मिरची आणि टोमॅटो शेजारी लावू नका, हेही सांगितलं. दोघं-तिघं ऐकत होते, बाकीचे मोबाईल पाहत होते.

पुढच्या हंगामात तिनं टोमॅटो लावलाच नाही, पांढरी माशी अडवायला मिरचीभोवती मक्याच्या दाट ओळी घेतल्या. बरीचशी मिरची वाचली. त्याच वाणाची पाकिटं बाजारात अजून विकली जातात, त्याच ठळक अक्षरांसकट.