नटाखालचा पत्ता

जठारपेठेतल्या एका स्टेशनरीच्या दुकानामागे आम्ही कॉलेजातली पोरं पत्ते खेळायचो. रमीचे नव्हे, राक्षस, योद्धे आणि मंत्र छापलेले, ज्यांचा डेक ज्यानं त्यानं स्वतः जमवायचा, तसले. बाकीचे सगळे दणादण हल्ले करणारे. माझा डेक ट्रॅपवाला. मी पत्ते उपडे मांडून गप्प बसायचो. समोरच्यानं हल्ला केला की पत्ता उलटायचा, त्याचा योद्धा गारद. काही उपडे पत्ते मात्र निव्वळ थापा असायच्या. खरा कोणता नि थाप कोणती हे समोरचा कसं ठरवतो, ते बघण्यात मला जिंकण्याहून जास्त गंमत वाटे. पोरं याला रडका खेळ म्हणत. म्हणोत बापडी.

एक मित्र मात्र माझ्या ट्रॅपमध्ये कधी म्हणजे कधी सापडत नसे. खरा पत्ता मांडला की हा हात आवरी. थाप मांडली की बिनधास्त चाल करून येई. याला मनातलं वाचता येतं, असं मी धरूनच चाललो होतो. त्याला एकदा तरी हरवायचं, याचं मला वेडच लागलं होतं.

मे महिन्यात अकोल्यात कूलरसमोरच बसावं लागे, आणि कूलरपुढे पत्ते उडत. मित्राच्या अब्बांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाचा भाव बसल्यापासून नवा कूलर कोणी घेत नव्हतं, जुनेच खडखडत त्यांच्याकडे येत. तिथून मित्रानं डबाभर लहानमोठे लोखंडी नट आणले होते. पत्ता उपडा ठेवला की त्यावर नट ठेवायचा, ही आमच्या टेबलाची रीत.

अमरावतीच्या स्पर्धेत उपांत्य फेरीत नेमका तोच समोर आला. सवयीनं मी खिशातले नट काढले, तर पंचांनी ते उचलायला लावले; पत्त्यांवर काही ठेवायचं नाही म्हणाले. आणि त्या दिवशी माझा मित्र प्रत्येक ट्रॅपमध्ये आंधळ्यासारखा येऊन पडला. मी जिंकलो. आनंद झालाच, पण त्याहून जास्त कोडं पडलं. पुढची फेरी मी त्याच नादात हरलो.

परतीच्या बसमध्ये, बडनेरा मागे पडल्यावर, त्याला विचारलं, आज तुले झालं काय होतं?

"नट कुठी होते तुयावाले?" तो म्हणाला. "मोठा नट तू खऱ्या पत्त्यावरच ठेवते. मी तं कवापासून तेच पाहून राहिलो."

"मंग सांगितलं काहून नाही बे?"

"तू इचारलं कवा?"

मला त्याचा रागच आला. सगळ्यांची मनं ओळखायला निघालेल्या मला स्वतःचा हात दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकानामागे गेलो, तर टेबलावर नव्या नटांची रास होती. सगळे एकाच मापाचे. त्यानंच निवडून आणले होते. मी खरा ट्रॅप मांडला, वर नट ठेवला आणि शक्य तितका निर्विकार बसलो. त्यानं नटाकडे पाहिलंच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो माझ्या तोंडाकडे बघत होता, बराच वेळ. मग चालीसाठी उचललेला हात त्यानं मागे घेतला.

"मी नाही येत बे," तो म्हणाला.