आठवण येत नाही म्हणजे काय?

"डिमेन्शिया. लेट स्टेज. आता यांना घरी ठेवणं कठीण आहे, केअर सेंटर बघा," डॉक्टर माझ्या आईसमोरच म्हणाले. डिमेन्शिया म्हणजे आठवणं, समजणं, रोजची कामं सुचणं हळूहळू कमी होत जातं, तो आजार. लेट स्टेज म्हणजे त्याची शेवटची पायरी. अन् माझी आई तर सक्करदऱ्याच्या घरी सकाळचा चहा स्वतः करत होती! माझं डोकंच फिरलं.

मी रिपोर्ट मागितला. त्यात लिहिलं होतं, 'पतीची आठवण नाही.'

आता तपासणीत काय झालं ते ऐका. डॉक्टर बाहेरगावचे, मराठी नवीन शिकलेले. त्यांनी विचारलं, "आजी, मिस्टरांची आठवण येते का?" त्यांना विचारायचं होतं, ते आठवतात का. आई ताडकन म्हणाली, "नाही येत. एक दिवस नाही येत." झालं, मांडलं शून्य.

अहो, आठवण न येणं आणि न आठवणं एकच आहे का? बाबा खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये होते. पिऊन यायचे, भरलं ताट भिरकावायचे. काहून येईल तिला त्यांची आठवण?

मी भांडले. ओपीडीत सगळ्यांसमोर भांडले. तेव्हा कुठे पुन्हा तपासणी झाली. या वेळी प्रश्न मी सांगितला, "मिस्टर आठवतात का?"

"आठवतात ना बाप्पा! त्याईचे कोळशाचे कपडे कोण धुवत होतं मंग? चप्पल कोणती फेकून मारत, तेही सांगू का?"

लेट खोडून अर्ली झालं, म्हणजे आजाराची सुरुवात. केअर सेंटरचं नाव निघालं नाही. सॉरी मात्र कोणी म्हटलं नाही.

आजार खोटा नव्हता. वर्षभरात गॅस चालू राहू लागला, वार विसरला, मग माझं नाव गेलं. मीही काही शहाणी नव्हते. "आठव ना आई, मी कोण?" म्हणून रोज परीक्षा घ्यायचे, वर तिच्यावरच खेकसायचे. तुमच्या घरी हे दुखणं आलं तर असला मूर्खपणा करू नका.

परवा ऑफिसातून आले तर आई दारातच बसलेली. माझ्याकडे बघत राहिली.

"नाव नाही ध्यानात येऊन राहिलं वं," ती म्हणाली, "पण तुही लय आठवण येऊन राहिली होती."

रिपोर्टात हे लिहायला रकाना नाही. आई घरी होती, म्हणून मला ऐकायला मिळालं.