वाशी, बेलापूर, नेरूळ आणि बायकोचं नाक

मार्च संपत आला की आमच्या महाप्याच्या ऑफिसात एकच विषय असतो: उरलेल्या रजा. वापरल्या नाहीत तर बुडतात. मग कुणी महाबळेश्वरला जातं, कुणी अलिबागला. मी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली, पुढचे शनिवार-रविवार जोडून घेतले. साहेबांनी विचारलं, "कुठे चाललात?"

"वाशीला."

"वाशीला? अहो, तुम्ही राहता करंजाड्यात, वाशी काय लांब आहे!"

"हो. मग बेलापूर, मग नेरूळ."

साहेब हसले, मीही हसलो. पण कार्यक्रम पक्का होता आणि त्याला कारण होतं.

माझी बायको साताऱ्याकडची. दर उन्हाळ्यात ती कांदा-लसूण मसाला करते. आधी घरापुरता करायची, मग शेजारणींसाठी करू लागली, आणि आता आमच्या सोसायटीतली बरीच स्वयंपाकघरं वर्षभर तिच्या मसाल्यावर चालतात. जिन्नस ती तागडीनं मोजते, पण भाजते नाकानं. धणे कढईत टाकायचे, ओट्याकडे पाठ करून भाजी निवडत बसायचं आणि मध्येच उठून गॅस बंद करायचा. बघायचं नाही, हलवूनही पाहायचं नाही. धणे बरोबर झालेले असायचे.

दिवाळीनंतर तिला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला. खारट कळतं, गोड कळतं, तिखट झोंबतं. बाकी वरण काय आणि बिर्याणी काय, सगळं सारखं. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल, तोपर्यंत रोज उग्र वासाच्या वस्तू हुंगत राहा.

मी नोकरीत स्टोअर्स सांभाळतो. काम सोपवलं की मी ते व्यवस्थित करतो. चार छोट्या बरण्या आणल्या. लवंग, कापूर, कॉफी आणि लिंबाची साल. सकाळ-संध्याकाळ तिला डोळे मिटायला सांगायचं, एकेक बरणी नाकाखाली धरायची आणि विचारायचं, "काही?" ती मान हलवायची. फ्रिजवर तक्ता लावला होता, त्यात मी फुली मारायचो. महिनोन्‌महिने फुल्याच.

मसाल्याची ऑर्डर द्यायला सोसायटीतल्या बायका दरवर्षी मार्चअखेरच्या रविवारी आमच्याकडे येतात, कारण त्यानंतर मिरच्या आणायच्या, उन्हात घालायच्या, सगळंच लांबतं. यंदा त्या रविवारच्या आधी एकदा ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मी यंदा त्यांना नाही म्हणून सांगणारे."

"कशाला? अंदाजानं कर की. इतकी वर्षं केलायस."

"अंदाजानं भाजलेलं मी कुणाच्या घरात घालणार नाही. एकदा करपट निघाला की पुन्हा कुणी तोंडावर सांगणार नाही, नुसतं घेणं बंद करतील."

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ओट्याखालची मोठी लोखंडी कढई माळ्यावर गेली होती. ती कढई वर्षभर खाली असते. जड आहे, माळ्यावर एकटीनं चढवण्यासारखी नाही. तिनं चढवली होती.

तेव्हा मी रजा टाकली. नवी मुंबईत वासांना तोटा नाही. जिथे जिथे नाकाला जोरदार काही लागेल अशा जागा काढल्या, जवळपास काय खायचं ते लिहिलं, क्रम लावला आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं एकदा वरून खाली वाचला.

"हे फिरणं नाहीये. हा दवाखाना आहे."

"दोन्ही आहे."

"जेवणाची सोय चांगली केलीयत," ती म्हणाली आणि कागद परत दिला. म्हणजे यायला तयार होती.

गुरुवारी वाशीचं मसाला मार्केट. गल्लीत शिरल्या शिरल्या मला शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. रुमाल बांधला तरी डोळ्यांतून पाणी. ती मात्र पोत्यांमधून अशी चालत होती जशी बागेतून चाललीये. एका दुकानात तिनं ब्याडगी मिरची उचलली, देठाशी मोडली, कानाजवळ नेली, बी तळहातावर घेतलं.

"ही मागच्या हंगामातली आहे," ती दुकानदाराला म्हणाली.

"भाभी, तुमी एकदम पक्क्या!" तो म्हणाला. "साहेबांची हालत बघा, आणि तुमाला साधा ठसका नाय."

"मला नाकच नाहीये," ती म्हणाली.

त्याला तो विनोद वाटला. हसत हसत त्यानं आतल्या पोत्यातली नवी मिरची आणि मूठभर धणे पुडीत बांधून दिले, नमुना म्हणून. तिनं पुडी पर्समध्ये टाकली. मी आशेनं बघितलं तर म्हणाली, "देतोय तर नाही कशाला म्हणा."

दुपारी मिसळ खायला गेलो. मी ती जागा रश्श्याच्या वासासाठी निवडली होती. तिनं दोन घास खाल्ले.

"कशी आहे?"

"गरम आहे. तिखट आहे. फरसाण मऊ पडलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, उद्यापासून असं करा. वासाचं राहू द्या. कुरकुरीत काय मिळतं, ते विचारत जा. तेवढं मला कळतं."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी आम्ही कार्यक्रम बदलला. कडक डोसा खाल्ला, कोथिंबीर वडी खाल्ली आणि सेक्टरच्या कोपऱ्यावर उभं राहून दाताला ठणक लागेल अशी थंडगार कुल्फी खाल्ली. डोसा मोडताना ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐका," आणि तुकडा कटकन् मोडला. कितीतरी दिवसांनी तिनं ताट चाटूनपुसून साफ केलं.

शुक्रवारी बेलापूर. आधी किल्ल्याच्या बुरुजापाशी जाऊन आलो. आम्ही वीस वर्षं त्याच्या शेजारून जातो, कधी थांबलो नव्हतो. ऊन चढल्यावर खाडीकाठच्या गावातल्या एका घरगुती खानावळीत बसलो. तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी. बोंबील बाहेरून असे कुरकुरीत की शेजारच्या टेबलावर ऐकू जावेत.

खानावळवाल्या बाई दुसरी भाकरी घेऊन आल्या. "कसा हाय गो जेवन?"

"फार छान. पण मला वास येत नाही हो, आजारपणात गेला. त्यामुळे अर्धंच कळतं."

"वास नाय येत?" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मंग बेसच हाय! सुकट वालत घालाला आमचेकडं ये. आमच्या पोरी नाका दाबून पलतान."

बायको इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं. ती हसतेय, चांगल्या मूडमध्ये आहे, असं बघून मी खिशातून लवंगांची बरणी काढली आणि तिच्यापुढे धरली.

हसणं थांबलं.

"जेवताना तरी परीक्षा नको ना," ती हळू म्हणाली. "तुम्ही रोज विचारता आणि मी रोज नापास होते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. ऑफिसात कुणाला असं करता का?"

मी बरणी खिशात घातली. घरी गेल्यावर फ्रिजवरचा तक्ता काढला आणि चारही बरण्या कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या. तिनं ते पाहिलं. रात्री मला न विचारता दुसऱ्या दिवसासाठी डब्यात चकल्या भरल्या.

शनिवारी नेरूळला फ्लेमिंगो बघायला गेलो. यादीत ही एकच जागा अशी होती जी मी कशासाठीही घातली नव्हती, नुसतीच बघायला. ओहोटीची वेळ होती. पाणी मागे गेलेलं, पुढे काळाभोर चिखल आणि त्यात लांबच लांब गुलाबी पट्टा. बांधावर कॅमेरेवाल्यांची रांग, सगळे एकमेकांना गप्प बसवत होते. आम्ही एका टोकाला उभे राहिलो. ती चकली खात होती. एक पक्षी डोकं उलटं करून चिखलात खुपसत होता ते तिनं मला दाखवलं.

"सगळं आयुष्य चिखलात तोंड घालून, आणि रंग बघा," ती म्हणाली. मग चकली तोंडाशी नेता नेता थांबली. "शी! इथे काही मेलंय का?"

मी आजूबाजूला पाहिलं. काहीच मेलेलं नव्हतं. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जसा कुजक्या अंड्यासारखा घाण वास येतो तसाच येत होता. नवी मुंबईत राहणारे आपण तो आता मोजतही नाही.

मला काय कळलं ते तिला त्याच क्षणी कळलं. मला विचारायचं होतं. मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो.

"अहो, घाण येतेय!" ती ओरडली. "मला घाण येतेय!"

सगळे कॅमेरे खाली झाले. एक तरुण मुलगी काळजीनं म्हणाली, "काकू, तुम्ही इकडे मागे या, तिथे फार वास येतो."

"नको ग बाई, मला इथेच राहू दे," बायको म्हणाली आणि बांधाच्या अगदी कडेला गेली. तिनं डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. लोक समुद्रावर घेतात तसा. मग परत. "किती घाणेरडा आहे!" असं ती म्हणत होती आणि डोळे पुसत होती. पलीकडे अर्धा थवा उडाला तो आम्ही दोघांनीही पाहिला नाही.

शेवटी ती माझ्याकडे वळली. "लवंग द्या."

मी खिसे चाचपले. वर्षानुवर्षं मी घराबाहेर पडताना काही विसरलेलो नाही, आणि आज बरण्या घरी कपाटात होत्या.

"तूच म्हणालीस ना..."

"मी म्हटलं आणि तुम्ही ऐकलंत? नेमकं आज?"

परतताना पानवाल्याकडून लवंग घेतली. तिनं हुंगली, चावली, मान हलवली. काही नाही. समोरच्या हॉटेलातली फोडणीही नाही. फक्त चिखल आला होता. पण ती खचली नाही. "घाण आली ना, मग बाकीचं येईल मागून," असं म्हणून तिनं दोन प्लेट कुरकुरीत भजी मागवली.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर म्हणाली, "कढई काढा माळ्यावरून."

काढली. खरंच जड आहे. तिनं पर्समधली पुडी उघडली, गॅस बारीक केला, धणे कढईत टाकले आणि मला शेजारी उभं केलं.

"कसा येतोय वास?"

"छान."

"छान म्हणजे? कच्चा, गवतासारखा, की भाजका?"

"धण्यांसारखा."

"अहो!" तिनं झारा ओट्यावर आपटला. "धण्यांसारखा येणारच. नीट घ्या. डोळे मिटा."

मी डोळे मिटले. इतक्या महिन्यांत तिला काय वाटलं असेल ते मला तिथे, कढईसमोर, कळलं. वास येत होता, पण सांगायचा कसा ते माहीत नव्हतं. तिनं रंग बघून सांगायचं, मी वास सांगायचा, असं करत आम्ही धणे उतरवले. तिनं दोन दाणे दाताखाली फोडले, आवाज ऐकला, म्हणाली, "अजून थोडे चालले असते. पण करपले नाहीत." हे माझ्यासाठी पुष्कळ होतं.

मग कोरड्या कढईत नव्या मिरच्या पडल्या. मला ठसका लागला, मी खिडकी उघडायला धावलो, आणि तेवढ्यात जिन्यात खोकल्याचे आवाज सुरू झाले. एक, मग दुसरा, मग सगळेच. बेल वाजली. दारात सोसायटीतल्या चौघी पदर-ओढण्या तोंडाला लावून उभ्या होत्या.

"वहिनी," त्यातली एक खोकत खोकत म्हणाली, "विचारायलाच आलो होतो. म्हणजे आहे ना यंदा?"

बायकोनं गॅस बंद केला, हात पुसले. इतक्या वर्षांच्या सवयीनं ठसका तिला लागलाच नव्हता.

"आहे. पण दरवर्षीच्या निम्माच. दोघांना एवढाच झेपेल."

"दोघांना?"

"भाजायला मी, वासाला हे." तिनं माझ्याकडे बोट केलं. "आणि काही कमी-जास्त झालं तर मला बोलायचं नाही, ह्यांना बोलायचं. यंदा नाक ह्यांचं आहे."

"भावजी, मग शिंक आवरा हं!" दुसरी म्हणाली.

मी शिंकत होतो, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. त्या आत येऊन बसल्या, बायकोनं पेन मागितलं आणि मी कोरा कागद आणायला गेलो. फ्रिजवर तक्त्याचा एक चुंबक रिकामा होता, तो सोबत घेतला.